बगरूचा लाल आणि आमचं शुद्ध पाणी

आमच्या रसायनशास्त्र विभागात जिना चढून वर आलं की डाव्या भिंतीवर एक काचेची चौकट होती. आत तळहाताएवढा सुती कापडाचा चौकोन. लाल. पण लाल म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो नव्हे; कुंकवाचा नाही, गुलालाचाही नाही. डाळिंबाचा दाणा उन्हात धरला की आतून काहीतरी पेटल्यासारखं दिसतं, त्याच्या जवळपासचा. खाली टंकलेली चिठ्ठी होती : या विभागाच्या प्रयोगशाळेत तयार केलेला. आणि तिच्याखाली माझं नाव.

तो तुकडा मी केलेला नव्हता. या विभागात तो कुणीच केलेला नव्हता.

एवढी दोन वाक्यं लिहायला मला दहाएक वर्षं लागली. आता ती कागदावर आलीच आहेत, तर बाकीचंही सांगून टाकतो.

मी मुळात कमी बोलणारा. आई तिच्या वऱ्हाडी ठसक्यात म्हणायची, "तुह्या तोंडातून शब्द काढनं म्हंजे आडातून बादली काढनं व्हय बापा!" वडील टपाल खात्यात. अमरावतीहून अजमेर आणि अजमेरहून जयपूर अशा बदल्या झाल्या, ते निवृत्त होऊन गावी परतले आणि मी इथेच राहिलो. काही वर्षं एका शाळेत विज्ञान शिकवलं. तिशीला टेकलो होतो तेव्हा विद्यापीठात डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली आणि त्याबरोबर संशोधनही करता येईल असं कळलं. पन्नासचं दशक तेव्हा उताराला लागलं होतं.

विद्यापीठ नवं होतं. आमचा विभाग म्हणजे चार खोल्या, एक व्हरांडा आणि समोर नुसती वाळू. उन्हाळ्यात आंधी आली की खिडक्या बंद करूनही तराजूच्या पेटीत धूळ शिरायची, आणि मग वजन करायच्या आधी उंटाच्या केसांच्या कुंचल्याने पारडी झाडत बसायचं. विभागप्रमुख पुण्याचे. त्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणत असू. चांगली मानाची नोकरी सोडून ते इथे आले होते. पुण्याचे त्यांचे मित्र पत्रातून विचारत, "काय, वाळूत काय पेरलंत या वर्षी?" सर ती पत्रं आम्हाला वाचून दाखवत, हसत, आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. फाडत मात्र नसत.

आमच्याकडे यंत्रं नव्हती, पुस्तकं जेमतेम होती, गॅस अर्धा दिवस यायचा. पण आमच्याकडे पाणी होतं. कोपऱ्यात तांब्याचं एक जुनं ऊर्ध्वपातन यंत्र होतं, त्यातून दिवसभर थेंब थेंब डिस्टिल्ड पाणी गळायचं. नव्याने आलेल्या प्रत्येकाने पहिले तीन महिने दुसरं काही करायचं नाही : ते यंत्र चालवायचं आणि काचसामान धुवायचं. आधी क्रोमिक अ‍ॅसिड, मग नळाचं पाणी, मग तीनदा डिस्टिल्ड. धुतलेला चंबू सर आभाळासमोर धरत. पाणी काचेवरून एकसंध पडद्यासारखं उतरलं पाहिजे, एक थेंब जरी अडकून राहिला, तरी "परत." एवढंच म्हणायचे. रागवायचे नाहीत. माझा चंबू ज्या दिवशी पास झाला, त्या दिवशी मी घरी चालत गेलो. बसच्या गर्दीत तो आनंद सांडेल असं वाटलं.

"आपल्याकडे दुसरं काही नसेल," सर म्हणायचे, "पण आपलं पाणी शुद्ध आहे."

याचा आम्हाला अभिमान होता. माझी पहिली चूक त्या अभिमानातूनच झाली. ती निदान चूक होती. दुसरीला चूक म्हणता येत नाही.

झालं असं, की समुद्रापलीकडच्या एका मोठ्या विद्यापीठाचं पत्र आलं. त्यांना आपल्याकडे एक-दोन विभागांशी कायमचं नातं जोडायचं होतं. त्यांची यंत्रं आमच्याकडे येणार, आमची माणसं त्यांच्याकडे जाणार, नियतकालिकांचे जुने खंड मिळणार. आपलं सरकारही त्याला जोडून इमारतीसाठी अनुदान देणार होतं. आधी त्यांचे एक प्राध्यापक येऊन काम बघून जाणार होते. दुसऱ्या शहरातले मोठे विभाग रांगेत होतेच.

सरांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावलं. "त्यांच्याकडे सगळं आहे," ते म्हणाले. "मग आपण काय दाखवायचं? जे फक्त आपल्या दाराशी आहे ते. बगरूचा लाल."

बगरू जयपूरहून अजमेरच्या रस्त्यावर, बसने तासाभराच्या आत. तिथले छिपे पिढ्यानपिढ्या कापडावर लाकडी ठशांनी छापतात, रंग मुळांचे आणि सालींचे. त्यांचा लाल धुण्याने जात नाही, उन्हाने विटत नाही. तो प्रयोगशाळेत मोजूनमापून करून दाखवायचा. वहीत असा लिहायचा, की ते पान वाचून कुणालाही, कुठेही, तोच लाल काढता आला पाहिजे. हे काम सरांनी मला दिलं.

मी ज्या छिप्याकडे गेलो तो सत्तरीचा असेल. हात कोपरापर्यंत रंगलेले. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं पिवळट कापड, त्यावर तुरटीचा आणि डिंकाचा लेप, वाळवण, धुणं. सगळं त्याने मला न लपवता दाखवलं. मग तांब्याच्या मोठ्या कढईत मंजिष्ठेची मुळं आणि धायटीची फुलं उकळत होती, त्यात त्याने ते कापड सोडलं. बांबूने ढवळत राहिला. कढईतलं पाणी मळकट, कापडही मळकट. मला वाटलं, काही होत नाहीये. आणि मग ते बांबूवर उचललं गेलं तेव्हा लाल होतं. मधली पायरी मला दिसलीच नाही. मी रसायनशास्त्र शिकवणारा माणूस. काय होतंय ते मला समीकरणात मांडता आलं असतं. पण मी तिथे तोंड उघडं टाकून उभा होतो.

"क्या हुआ बाबूजी?" म्हातारा हसला. "पहली बार देखा?"

त्याने माझ्यासाठी मुद्दाम एक साधा, बिनछापाचा चौकोन रंगवून दिला. मुळं दिली, फुलं दिली. आणि निघताना अंगणातल्या विहिरीतून घडा भरून आणला. "पानी भी लेते जाओ. रंग तो इसी में है."

मी हसलो. वाईट हसलो असं नाही, पण हसलो. म्हणालो, "बाबा, हमारे पास बहुत साफ पानी है. दवाई जैसा."

त्याने घडा खाली ठेवला. "साफ तो होगा," एवढंच म्हणाला.

पुढचे दोन महिने माझा लाल आला नाही. मुळं तीच, कापड तेच, तुरटी तर बाटलीतली, त्याच्यापेक्षा शुद्ध. प्रत्येक वेळी विटकरी-तपकिरी काहीतरी निघे आणि साबण लावला की अर्धं बशीत उतरे. तापमान बदललं, वेळ बदलली, हिरडा कमी-जास्त केला. पाणी बदलावं हे मनातही आलं नाही. आमचं पाणी दोषी असेल, हे मनात येणं शक्यच नव्हतं. बाहेरच्या कुणालाही विहिरीचं नाहीतर नळाचं पाणी वापरून बघायचं सुचलं असतं. आम्हालाच ते सुचणार नव्हतं.

पाहुणे यायला दोन दिवस राहिले. सकाळची वेळ. माझा नवा तपकिरी तुकडा बशीत होता आणि शेजारच्या बशीत मी छिप्याचा चौकोन भिजत घातला होता. रंगाची तुलना करायची तर ओल्याशी ओलं ठेवूनच बघावं लागतं. सर आत आले. त्यांनी तोवर बगरूचे छापलेले, फुलाफुलांचे नमुनेच पाहिले होते. हा साधा चौकोन माझ्या खणात होता, तो त्यांना माहीत नव्हता. पांढऱ्या बशीत तो लाल बघून ते जागच्या जागी थांबले.

"आलं," ते म्हणाले. मग मोठ्याने, "अहो, आलं की हो!"

चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. पुसताना हसत होते. "वाळूत काय पेरलंत विचारतात लेकाचे!"

त्या क्षणी 'नाही सर' एवढे दोन शब्द पुरले असते. माझ्या हाताने तपकिरी तुकड्याची बशी पालथ्या परातीमागे सरकवली. हाताने ते आधी केलं, मन मागून आलं. सर माझ्या खांद्यावर थोपटत होते. त्यांनी यापूर्वी कधी कुणाला थोपटल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"आत्ता लगेच वही लिहा. पाहुण्यांना वहीच बघायची असते."

मी वही लिहिली. गप्प राहणं हा एक गुन्हा, लिहिणं हा दुसरा. आणि दुसरा मी खुर्चीत बसून, टाक बुडवून, सुवाच्य अक्षरात केला. वजनं खरी लिहिली. वेळा खऱ्या. पाण्यापुढे लिहिलं : डिस्टिल्ड, दोनदा ऊर्ध्वपातित. 'दोनदा' हे तर मी कधी केलंही नव्हतं. खोटं लिहायला बसलं की माणूस शोभेसाठी चार शब्द जास्तच घालतो.

पाहुणे आले. उन्हाने नाक सोललेलं, बोलणं हळू. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. चौकोन हातात घेतला, स्वतः बेसिनवर जाऊन त्याला साबण लावला, आणि खिशातला आपला पांढरा रुमाल काढून त्यावर तो जोरात घासला. रुमाल पांढराच राहिला. मग ते खिडकीशी गेले आणि कितीतरी वेळ तो उजेडात धरून नुसते बघत राहिले. छिप्याच्या अंगणात माझा चेहरा जसा झाला असेल, तसा त्यांचा झाला होता.

"या पानावरून कुणालाही हे जमेल?" त्यांनी वहीवर बोट ठेवून विचारलं.

"कुणालाही," सर म्हणाले.

नातं जुळलं. आणि पुढे जे घडत गेलं त्याने दिपून गेलो होतो, हे मी लपवणार नाही. अपराध मनात होता तरी डोळे दिपायचे थांबले नाहीत. समोरच्या वाळूत पाया खणला गेला. गुलाबी दगडाची दुमजली इमारत उभी राहिली. मुंबई बंदरातून रेल्वेने खोकी आली. त्यांवर आमच्या विभागाचं नाव परक्या अक्षरांत ठळक छापलेलं. एका खोक्यात रंगाचं मोजमाप करणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. त्याच्यासाठी एक खोली काळ्या पडद्यांनी अंधारी केली. धूळ नको म्हणून सरांनी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या, पण आत जाताना आमच्यातल्या दोघा-तिघांचे हात आपसूक जोडले गेले. सरांनी कळ दाबली. भर दुपारी त्या काळोखात हिरव्या प्रकाशाची एक बारीक फट उजळली, सर चाक फिरवत गेले तशी पिवळी झाली, नारिंगी झाली, लाल झाली. प्रयोगशाळेचा म्हातारा चपराशी मागून पुटपुटला, "साहब, इंद्रधनुष को तो डिब्बे में बैठा दिया!" तेव्हा कुठे सगळे हसले.

इतर विद्यापीठांतून मुलं आमच्याकडे येऊ लागली. वस्त्रोद्योगवाले आले, खाणवाले आले, आपापले प्रश्न घेऊन. चार खोल्यांचा विभाग बघता बघता एवढा वाढला, की नव्या माणसाला रस्ता विचारावा लागे. आणि जिना संपतो तिथे ती चौकट. येणारा प्रत्येकजण तिच्यासमोर थांबे. मी जिना चढताना उजवीकडे बघत चढायला शिकलो.

एकदा बगरूला गेलो. सरांनी छिप्यासाठी शाल पाठवली होती. म्हाताऱ्याने पहिला प्रश्न तोच विचारला, "रंग आया?"

"आया," मी म्हणालो.

"इस पानी के बिना?"

"हां."

तो बराच वेळ विहिरीकडे बघत राहिला. मग मुलाला हाक मारून म्हणाला, "सुना? यूनिवर्सिटी में बिना कुएं के लाल निकाल दिया. मशीन बहुत बड़ी चीज है." त्याच्या आवाजात हेवा नव्हता, कौतुकच होतं. त्याच्या आयुष्यभराच्या ज्ञानावर मी त्याच्याच तोंडून काट मारून घेतली आणि चहा पिऊन परत आलो.

पण हे लिहायला बसलो ते त्याच्यासाठी नाही. तो केव्हाच गेला. मी लिहितोय ते एका मुलीसाठी. मुलगी कसली, आज ती पस्तिशीची आहे.

जयपुरातल्या एका मराठी डॉक्टरांची ती मुलगी. जन्म इथलाच, शाळा हिंदी. मराठी बोलायची ती अडखळत, मधे मधे 'मतलब' पेरत, पण बोलायची हट्टाने. मला दादा म्हणायची. नव्या शिष्यवृत्तीवर ती आली आणि सरांनी तिला विषय दिला : बगरूचा लाल नेमका कशाने टिकतो. सुरुवात अर्थातच माझ्या पानापासून. आधी तो लाल काढ, मग त्याचा अभ्यास कर.

लाल येईना.

पहिल्या महिन्यात ती हसत आली. "दादा, माझा लाल मतलब चहासारखा येतोय. काय चुकतेय मी?"

मी चार दिवस झोपलो नव्हतो असं काही नाही. मी नीट जेवत होतो, झोपत होतो. मी तिला म्हणालो, "काच नीट धुतलीस का?"

या वाक्याला मला कुठेच जागा सापडत नाही. ना मनात, ना या कागदावर.

ती काच धुवायला लागली. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित करायला लागली, कारण वहीत 'दोनदा' होतं. त्यासाठी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन यंत्र लावायची. दर महिन्याला, दर दोन महिन्यांनी माझ्याकडे यायची. तुरटीची बाटली बदलू का, मुळं जुनी असतील का, ढवळायचं कुठल्या दिशेने. हसणं कमी होत गेलं. अ‍ॅसिडने बोटांची सालं निघाली होती, ती हात पदराखाली धरायला लागली. माझी आई गावाहून राहायला आली असताना या मुलीची आई एकदा आमच्याकडे हळदीकुंकवाला आली, ती माझ्या आईजवळ म्हणाली, "हिच्या हातालाच यश नाही हो. स्वयंपाकातसुद्धा असंच, लहानपणापासून." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून रे, तूच नाही दाखवत तिले करून?" मी वर्तमानपत्र उघडलं.

त्याच सुमारास त्या परदेशी विद्यापीठात दोन वर्षं जाण्यासाठी माझी निवड झाली. कशाच्या जोरावर, ते सांगायला नको.

तिथलं ग्रंथालय मी शब्दांत मांडू शकत नाही. सात मजले नुसती पुस्तकं, आणि तळघरात नियतकालिकांचे खंड भिंती असाव्यात तसे. पहिला आठवडा मी काहीच वाचलं नाही, नुसता कपाटांमधून हिंडलो. मग एक दिवस रंगांवरचा एक जुना जर्मन खंड हाती आला. शब्दकोश घेऊन वाचायला बसलो आणि तासाभरात उभा राहिलो. त्यात लिहिलं होतं, की मंजिष्ठेचा लाल टिकायला तुरटीइतकाच पाण्यातला चुना लागतो. जड पाणी लागतं. शुद्ध पाण्यात तो बसतच नाही. रंगाऱ्यांना हे शतकानुशतकं ठाऊक होतं, असंही एका ओळीत होतं.

रंग तो इसी में है, म्हातारा म्हणाला होता.

म्हणजे तिच्या यंत्राची प्रत्येक फेरी तिला लालपासून आणखी दूर नेत होती. ती जितकी जास्त प्रामाणिक, तितका रंग जास्त फिका. एका पत्राने ते थांबलं असतं. 'थोडा चुना घालून बघ' एवढं. बाकी काही कबूल करायचीसुद्धा गरज नव्हती! मी त्या संध्याकाळी पत्र लिहिलंही, आईला. इथे बर्फ पडतो, तब्येत बरी आहे. तिला लिहिलं असतं तर तिने विचारलं असतं, की मग दादा, तुमचा कसा आला?

परत आलो तेव्हा तिची जागा रिकामी होती. शिष्यवृत्ती वाढवायला काहीच निष्कर्ष नव्हते. सरांनी तिला बोलावून फार मायेने सांगितलं होतं म्हणे, "सगळ्यांचाच हात प्रयोगाला बसतो असं नाही, बाळ." जुन्या शहरातल्या एका मुलींच्या शाळेत ती शिकवायला लागली होती.

मग बढती मिळून मी रीडर झालो. सर निवृत्त होऊन पुण्याला गेले. गेल्या वर्षी ते वारले. ते गेल्यावरच मला तोंड फुटलं, हेही लिहून ठेवतो. कुणी याला धैर्य समजू नये.

तिची शाळा चांदपोल बाजाराच्या मागच्या गल्लीत. मी गेलो तेव्हा दुपारची सुट्टी होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, दोन टेबलं, प्रायमस स्टोव्ह. ती वह्या तपासत होती. मला बघून उठली. "दादा! किती वर्षांनी!" आणि मी काही बोलायच्या आत मला हाताला धरून खिडकीशी नेलं. "आधी हे बघा. तुम्हाला तर दाखवायलाच हवं होतं."

खिडकीत दोरीवर ओळीने बारा-पंधरा चौकोन वाळत होते. सगळे लाल.

मी जवळ गेलो. डाळिंबाच्या दाण्यातला तो उजेड, प्रत्येकात.

"मुलींनी केलेत," ती म्हणाली. "मी इथे आले ना, तेव्हा मुलींना दाखवायला आपला तोच प्रयोग लावला. मतलब, फसला तरी निदान पायऱ्या तरी शिकतील. इथे डिस्टिल्ड कुठलं? आवारातल्या विहिरीचं पाणी घेतलं. आणि आला! मी खाली बसले, दादा. मुली घाबरल्या, पाणी आणायला धावल्या." ती हसली. "मग मी सहा वर्षं हेच करतेय. ही बघा."

फळीवर बाटल्या होत्या. शहरातल्या विहिरींच्या, पायऱ्यांच्या बावड्यांच्या पाण्याच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, कुठलं पाणी, किती चुना, लाल कसा आला. तिच्याकडे धड तराजू नव्हता. साबणाच्या फेसावरून पाण्याचा जडपणा मोजायची जुनी पद्धत तिने मुलींना शिकवली होती आणि त्यावर हे सगळं उभं केलं होतं. आमच्या गुलाबी इमारतीत, त्या इंद्रधनुष्याच्या डब्यासह, जे कुणाला दहा वर्षांत करता आलं नव्हतं, ते इथे दोरीवर वाळत होतं. मी त्या फळीसमोर उभा राहिलो आणि मला ग्रंथालयाचे ते सात मजले लहान वाटले.

"तुम्हाला कळवणार होते," ती म्हणाली. "पण मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. तुमच्याकडून तेव्हा चुकून नळाचं नाहीतर कुठलं तरी पाणी पडलं असणार ना, आणि तुम्हाला ते कळलंच नसेल. मतलब, होतं असं. बिचारे दादा, आपण उगीच त्यांचं नाव खाली कशाला आणायचं, असं म्हटलं."

सहा वर्षं ती मला सांभाळून घेत होती.

मी सांगितलं. सगळं. बशी, वही, 'दोनदा', जर्मन खंड. उभ्या उभ्या. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मी एकेक पायरी खाली उतरत होतो हे मला दिसत होतं. माझं झालं तेव्हा बाहेर मुली दोरीवरच्या उड्या मोजत होत्या.

"आणि मला काच धुवायला सांगितलंत," ती म्हणाली.

"हो."

"माहीत असून."

"चुन्याचं नंतर कळलं. पण तो तुकडा माझा नाही हे माहीत होतं."

तिने आपले हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. बोटांच्या पेरांवर जुने डाग अजून होते. मी माफी मागितली. घंटा झाली. मुली दारात येऊन थबकल्या. "आ जाओ," ती त्यांना म्हणाली, "रस्सी से अपना अपना कपड़ा उतार लो."

मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच मला दादा न म्हणता, म्हणाली, "विभागाला काय कळवायचं ते इंग्रजीत कळवा. पण हे सगळं मराठीतही लिहा. नीट, पहिल्यापासून. छापून येईल असं. मला मराठी पटपट वाचता येत नाही, पण आईला येतं. ती अजून म्हणते, हिच्या हाताला यश नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, पोरगी मनाची समजूत घालतेय."

विभागाला मी एक पान लिहून दिलं. चौकट उतरवली आहे. माझ्याबाबत काय करायचं ते तिथले लोक ठरवताहेत. ते काहीही ठरवोत. तिच्या दोरीवरच्या चौकोनांपैकी एक तिच्या फळीवरच्या नोंदींसह मागवावा, असं मी त्या पानात लिहिलं आहे. ती देईल की नाही, मला ठाऊक नाही.

शाळेतून निघताना एका मुलीने आपला चौकोन मला बघायला दिला होता. अजून दमट होता. मी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि त्यावर तो घासला, त्या पाहुण्यांनी घासला होता तसाच, अंगातला सगळा जोर लावून. रुमाल पांढराच राहिला.

काकू, हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या मुलीचा हात कधीच चुकला नव्हता. चुकीचं ते पान होतं, आणि ते मी लिहिलं होतं.